ऑपरेशननंतरची दोन वर्षं

तोंडाचा कॅन्सर भारतातल्या पुरुषांमध्ये पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ च्या जागतिक आकडेवारीप्रमाणे आपल्या देशात स्त्री-पुरुष मिळून वर्षाला सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांना तो नव्याने होतो. पाश्चात्त्य पुस्तकांत तोंडाचा कॅन्सर म्हटलं की आधी जीभ येते. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, तैवान या पट्ट्यात मात्र तो गालाच्या आतल्या बाजूला आणि खालच्या हिरडीवर फार आढळतो, कारण तंबाखू-सुपारीचा किंवा नुसत्या सुपारीचा बार तिथेच दाबून ठेवतात. मी काम करते त्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा बार खर्र्याचा असतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटायचा आणि पुडी बांधून द्यायची, हे काम प्रत्येक पानठेल्यावर दिवसभर चालू असतं.

या रुग्णांची ऑपरेशनं करण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. टाके निघाले, नळी निघाली, की घरी जाताना प्रत्येक जण एकच विचारतो, "मॅडम, पुन्हा तर येणार नाही ना जी?" दाराशी उभं राहून या प्रश्नाचं खरं उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे. रोग उलटला की लोक नशिबाला बोल लावतात. मला इतक्या वर्षांत जे दिसलं त्यावरून सांगते, उलटण्याची कारणं बहुतेक वेळा आधीच कळलेली असतात. काही रिपोर्टवर छापलेली असतात, काही कॅलेंडरवर असतात, काही रुग्णाच्या खिशात असतात. सगळी आपल्या हातात नाहीत. पण जी आहेत ती वेळेत धरली तर माणूस वाचतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही

"तुकडा काढला की कॅन्सर भडकते" ही समजूत आमच्याकडे इतकी पक्की आहे की बायोप्सीचं नाव काढताच नातेवाईक बाहेर जाऊन खलबत करतात. मग कोणीतरी जडीबुटीवाल्याचा पत्ता देतो. पावडर होते, लेप होतो, दोन-तीन महिने निघून जातात. तोवर गालाच्या आतला व्रण बाहेरच्या कातडीपर्यंत पोचलेला असतो. शेवटी ऑपरेशन होतं, रोग पुढच्या पायरीवर असल्यामुळे लवकर उलटतो, आणि गावात बोललं जातं की चाकू लावला म्हणून पसरला. पुढचा रुग्ण ही गोष्ट ऐकूनच घरी बसतो.

तोंडातली बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून व्रणाच्या कडेचा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा घेणं. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. या तुकड्यामुळे माणसाचा आजार वाढतो असं कुठल्याही भरवशाच्या अभ्यासात दिसलेलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी पेशी सुटून दुसरीकडे रुजतात का, हा प्रश्न मात्र डॉक्टरांनी उडवून लावलेला नाही. तो त्यांनी नीट तपासला, आणि आपल्याच देशात तपासला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने भारतातल्या अनेक रुग्णालयांत १६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. ती स्तनाच्या कॅन्सरची होती. निम्म्या स्त्रियांना गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दाताच्या दवाखान्यात देतात तेच साधं बधिरतेचं औषध, टोचलं. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ८६.६ टक्के होतं, न घेतलेल्यांत ८२.६ टक्के. जिवंत राहण्याचं प्रमाण ९०.१ आणि ८६.४. हे तोंडाच्या कॅन्सरला जसंच्या तसं लावता येणार नाही. पण दोन्ही गटांतल्या स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि दोन्हीकडच्या बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होत्या, हे चाकूला घाबरणाऱ्या प्रत्येक घरात सांगण्यासारखं आहे.

२. पहिलं ऑपरेशन पूर्ण असावं

"बाहेर छोटी गाठ काढली होती, पुन्हा आली" असं सांगत येणारे रुग्ण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. पाहावं तर काढलेल्या गाठीचा रिपोर्ट नसतो, कधी तर ती तपासायलाच पाठवलेली नसते. कॅन्सर काढताना दिसणाऱ्या व्रणाभोवती साधारण एक सेंटिमीटर निरोगी भाग सगळ्या बाजूंनी, खोलीतसुद्धा, सोबत घ्यावा लागतो. हाडाला चिकटला असेल तर जबड्याचा तुकडाही जातो. अर्धवट काढलेला रोग पुन्हा वाढतो तेव्हा व्रण आणि वण यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि कुठवर कापायचं हे ठरवणं फार अवघड होतं.

दाताचंही तसंच. एखादा दात अचानक हलायला लागला, त्याच्या भोवतीची हिरडी जाड झाली असेल, आणि माणूस खर्रा खाणारा असेल, तर दात उपटण्याआधी हिरडी तपासून घ्या. दात काढला आणि खड्डा महिनाभर भरलाच नाही, ही हकिगत आम्ही हिरडीच्या कॅन्सरच्या रुग्णाकडून नेहमी ऐकतो.

चेहरा विद्रूप होईल या भीतीने "थोडंच काढा" असा आग्रह धरणारेही पुष्कळ. मांडीची किंवा छातीची कातडी-मांस आणून, पायाचं हाड आणून गाल आणि जबडा आज चांगला बांधता येतो. थोडं काढून घेतल्याने चेहरा वाचत नाही, दुसऱ्या वेळी दुप्पट जातो.

३. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट एक्स-रेच्या पिशवीत घालून खुंटीला टांगू नका

ऑपरेशननंतर आठ-पंधरा दिवसांत येणारा हा कागद मी सर्वांत मोलाचा मानते. बहुतेक घरी तो कोणी वाचलेला नसतो. इंग्रजीत असतो, चार पानी असतो, आणि "ऑपरेशन चांगलं झालं" एवढं ऐकल्यावर वाचायची गरजही वाटत नाही. वरोऱ्याकडच्या एका शेतकऱ्याची सून बारावी शिकलेली होती. सासऱ्यांचा रिपोर्ट तिने माझ्यासमोर टेबलावर पसरला, पेन काढलं, आणि म्हणाली, "मॅडम, यातलं कोणतं वाईट आहे ते दाखवा, मी खूण करते." तेव्हापासून मी प्रत्येकाला त्याच चार-पाच ओळींवर खूण करून देते.

पहिली ओळ खोलीची. रोग किती रुंद आहे यापेक्षा तो आत किती मिलिमीटर घुसला आहे हे जास्त महत्त्वाचं. रोगाची पायरी, म्हणजे स्टेज, ठरवण्याचे जे नियम जगभर वापरतात त्यांच्या आठव्या आवृत्तीत, २०१७ साली, ही खोली अधिकृतपणे घेतली गेली. पाच मिलिमीटरपर्यंत, पाच ते दहा, आणि दहाच्या वर, असे टप्पे आहेत. वरून चवलीएवढा दिसणारा व्रण आत बारा मिलिमीटर गेलेला असू शकतो.

दुसरी ओळ कडेची, म्हणजे मार्जिनची. काढलेल्या तुकड्याच्या कडेपासून कॅन्सर किमान पाच मिलिमीटर लांब असावा. त्याहून जवळ असेल तर धोका वाढतो, आणि कडेलाच असेल तर रोग मागे राहिला असं धरून पुढचा उपचार ठरतो.

तिसरी ओळ मज्जातंतूंची. काही कॅन्सर नसेला लपेटून तिच्या वाटेने पुढे सरकतात. चौथी, रक्ताच्या किंवा लसिकेच्या बारीक नळ्यांत पेशी दिसल्या का. आणि पाचवी, मानेतल्या गाठी किती तपासल्या, त्यांतल्या किती बाधित, आणि रोग गाठीचं कवच फोडून बाहेर आला आहे का. मार्जिनला रोग असणं आणि गाठीचं कवच फुटणं, या दोनपैकी एक जरी गोष्ट दिसली की नुसतं रेडिएशन पुरत नाही, सोबत केमो लागतो. २००४ साली युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या, तेव्हापासून हा नियम जगभर पाळला जातो.

या ओळी घाबरवण्यासाठी सांगत नाही. ज्याच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीच नाही, व्रण छोटा आहे आणि गाठी स्वच्छ आहेत, त्याला रेडिएशन लागतच नाही. त्याने ते विनाकारण घेऊ नये, हेही हाच कागद सांगतो.

४. मानेत गाठ लागत नसली तरी मान साफ करावी लागते

हे पटवून देणं मला सर्वांत कठीण जातं. "रोग गालात, मग मान कशाला चिरता?" हा प्रश्न चुकीचा नाही. जगातल्या सर्जनमध्येही यावर कित्येक वर्षं वाद होता. व्रण लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीत काही दिसत नाही, अशा वेळी मान लगेच उघडावी की गाठ येईपर्यंत थांबावं? थांबणाऱ्यांचं म्हणणं असं की बऱ्याच जणांना विनाकारण मोठं ऑपरेशन सोसावं लागतं, खांदा दुखतो, वण राहतो.

या वादाचा निकाल परळला लागला. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण चाचणीत घेतले. सगळ्यांचा तोंडातला रोग सुरुवातीच्या पायरीचा होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कोणाला कुठला उपचार हे ठरलं. अर्ध्यांची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली, अर्ध्यांची गाठ आल्यावर. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब २०१५ साली जाहीर झाला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. रोग न उलटता राहिलेले ६९.५ टक्के आणि ४५.९ टक्के. कॅन्सरच्या उपचारात इतकं मोठं अंतर क्वचित दिसतं, आणि तेही नवं औषध किंवा यंत्र न आणता.

कारणही त्यातच कळलं. थांबलेल्या गटात गाठ हाताला लागेपर्यंत ती मोठी झालेली असायची, कवच फुटलेलं असायचं. म्हणजे वरच्या रिपोर्टमधली सर्वांत वाईट ओळ. मला या अभ्यासाचा अभिमान वाटतो, कारण त्यातली माणसं आपली होती. दर महिन्याला येऊन तपासून जाणं ज्यांना परवडत नाही अशांचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याच डॉक्टरांना पडला आणि त्याचं उत्तर आता सगळं जग वापरतं.

जाता जाता एक सांगते. रुग्ण विचारतात, "पूर्ण अंगात तर पसरलं नाही ना?" आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये रोग उलटतो तो बहुतेक वेळा त्याच जागी किंवा मानेत. लांब गेलाच तर जास्त करून फुप्फुसात. म्हणून मान सोडून पोटा-डोक्याचे स्कॅन काढत बसण्यात पैसा घालवू नका.

५. रेडिएशनची तारीख शेतीच्या आणि लग्नाच्या तारखेपेक्षा मोठी

रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं. आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे, एकूण तीस वेळा. मधे खंड पडू द्यायचा नाही. मागे राहिलेल्या थोड्या पेशी या काळात वाढत असतात, आणि सुट्टी मिळाली की जास्तच वेगाने वाढतात.

ऐकायला हे सोपं आहे. पण आमच्याकडे धान कापणी असते, कापूस वेचणी असते, पुतणीचं लग्न असतं. घरातला कमावता माणूस दीड महिना नागपुरात राहणार कुठे, खाणार काय? माणूस आळसाने उशीर करतो असं मला कधीच वाटलं नाही. म्हणून मी ऑपरेशनच्या आधीच पुढच्या तीन महिन्यांचं गणित घरच्यांसोबत मांडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद, रेल्वेची सवलत, राहण्याची सोय. मुंबईला जाणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. या गोष्टी डिस्चार्जच्या दिवशी शोधायला निघालं की तीन आठवडे त्यातच जातात.

दात हे उशिराचं दुसरं कारण, आणि ते पूर्ण टाळता येतं. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं, म्हणून खराब दात आधीच काढावे लागतात आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. दातांची तपासणी ऑपरेशनच्या आधी करून खराब दात भुलीतच काढले की हे आठवडे वाचतात.

रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं. पाणी गिळतानाही आग होते. इथे बरेच जण उपचार सोडून घरी जातात. वजन पाच-सात किलोने उतरलं, हिमोग्लोबिन घसरलं, की खंड पडलाच म्हणून समजा. नाकातून नळी टाकायला लाजू नका, घाबरू नका. नळीतून दूध, अंडं, डाळीचं पाणी, बारीक वाटून गाळलेली ज्वारीची आंबील, सगळं जातं. महिनाभराची नळी काही आयुष्यभराची नसते.

६. केमोचा डोस घासाघीस करून ठरत नाही

रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन देतात. दर तीन आठवड्यांनी मोठा डोस द्यायचा की दर आठवड्याला छोटा, यावर टाटा मेमोरियलमध्ये ३०० रुग्णांची चाचणी झाली. शरीराच्या क्षेत्रफळाप्रमाणे दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत दोन वर्षांनी रोग तोंडात आणि मानेत आटोक्यात राहण्याचं प्रमाण ५८.५ टक्के आलं, तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ७३.१. पुढे जपानी डॉक्टरांनी आठवड्याला ४० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा ते मोठ्या डोसच्या तोडीचं ठरलं. "हलकंच द्या, म्हाताऱ्याला झेपत नाही" असं प्रेमाने म्हणणाऱ्या मुलांना मी हे आकडे दाखवते. खरंच झेपत नसेल, मूत्रपिंड किंवा कान कमजोर असतील, तर डोसेटॅक्सेलचा पर्याय आहे आणि तोही आपल्याकडेच सिद्ध झाला आहे.

७. तंबाखू सोडला म्हणून सुपारी माफ होत नाही

ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात आलेले एक काका अजून डोळ्यांपुढे आहेत. गालावर मांडीची कातडी बसवलेली, चेहरा भरलेला, प्रकृती छान. मी तोंड उघडायला लावलं तर जिभेच्या कडेला लालसर चुरा. "तमाखू हातात घेत नाही जी मॅडम. आता नुसती सुपारी." सांगताना ते खरंच खूश होते, आणि त्यांच्या बायकोलाही वाटत होतं की नवऱ्याने मोठा त्याग केला.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली तज्ज्ञ बसवून सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, माणसात कॅन्सर करते असा निकाल दिला. त्यात तैवानचा पुरावा फार उपयोगी पडला, कारण तिथे लोक सुपारी चुन्यासोबत चघळतात, तंबाखू घालत नाहीत, आणि तरीही तोंडाचा कॅन्सर भरपूर होतो. सुपारीनेच तोंडाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. लग्नात, पूजेत, बाळंतिणीच्या विड्यात सुपारी असते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. तिच्याबद्दलचा हा आदर ज्याला एकदा कॅन्सर झाला त्याने पूर्ण सोडावा, असं माझं ठाम मत आहे.

रेडिएशन चालू असताना तंबाखू ओढणाऱ्याला उपचाराचा फायदा कमी होतो, जखमा उशिरा भरतात, आणि नवा कॅन्सर होण्याचा धोका तसाच राहतो. पण "सोडा" म्हटल्याने कोणाचं व्यसन सुटत नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत सेवा आहे, तिथे फोनवर समुपदेशक बोलतात. गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या मार्गदर्शनाखाली 'मुक्तिपथ' दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करतं. शक्य असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकदम सोडावं. मुलगा समोर बसून पन्नी घोटत असेल तर बापाने किती दिवस तोंड फिरवावं?

आणि बायकांना विसरू नका. मिसरी, गुडाखू, लुगड्याच्या ओच्यातली तंबाखूची पुडी यांबद्दल ओपीडीत सासऱ्यासमोर, मुलासमोर कोणी बोलत नाही. मी सगळ्यांना बाहेर बसवून विचारते, "आजी, दात कशाने घासता?" तेव्हा कळतं.

८. तोंड किती उघडतं ते रोज मोजा

निरोगी माणसाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात. खर्रा खाणाऱ्याची आधीच दोन जात असतात, ऑपरेशन आणि रेडिएशननंतर एकही जात नाही. मग आत पाहायचं कसं? रोग मागे, दाढेच्या पलीकडे उलटला तर तो दिसतच नाही.

यावर आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा उपाय उत्तम. काड्या एकावर एक ठेवून रबर लावायचं, ती गड्डी दातांमध्ये धरायची, आणि दोन-चार दिवसांनी मधे एक काडी सरकवायची. दिवसातून पाच-सहा वेळा. भद्रावतीजवळची एक ताई दर भेटीला आपली गड्डी पर्समधून काढून टेबलावर ठेवते. एकदा गड्डीतल्या तीन काड्या तिने स्वतः कमी केल्या होत्या. "पहिले जात होत्या मॅडम, आता जात नाहीत, आणि कानाकडे ठणकते." वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. एमआरआय केला, तर जबड्याच्या सांध्याखाली रोगाची सुरुवात होती. काड्या होत्या म्हणून ती तेवढ्यात सापडली. वाढत चाललेलं तोंड पुन्हा मिटायला लागणं, आणि त्यासोबत कानाकडे किंवा कानशिलाकडे कळ येणं, ही खूण पुढच्या तारखेपर्यंत थांबण्याची नाही.

९. पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी या

ज्यांचा रोग उलटतो त्यांतल्या बहुतेकांचा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून या काळात भेटी दाट असतात, मग चार-सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. "काही त्रास नाही, मग कशाला गाडीभाडं घालवायचं?" असं म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर माणूस यायचा बंद होतो. त्रास व्हायच्या आधी सापडावं, एवढ्यासाठीच तर बोलावतो. भेटीत मोठं काही नसतं. बॅटरीने तोंड पाहतो, हातमोजा घालून गाल आणि जीभ चाचपतो, मान दोन्ही बाजूंनी दाबून पाहतो. या चाचपणाऱ्या बोटाची जागा कुठलाही स्कॅन घेऊ शकत नाही. रेडिएशन संपून बारा आठवडे व्हायच्या आत पेट स्कॅन केला तर नुसती सूजही चमकते आणि घरभर रडारड होते.

थकवा आला, वजन वाढलं, थंडी सोसेना, की लोकांना वाटतं रोग परत आला. मानेला रेडिएशन मिळालेल्यांचं थायरॉइड पुष्कळदा मंदावतं. सहा महिने-वर्षाने टीएसएचची रक्ततपासणी करून घ्या. एका गोळीने भागतं.

पाच वर्षांनंतर येणारा रोग मात्र बऱ्याचदा जुना नसतोच. ज्या तोंडात वर्षानुवर्षं बार राहिला त्याची सगळीच कातडी नासलेली असते, हे स्लॉटर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ सालीच दाखवून दिलं. उजवा गाल बरा झाला आणि सहा वर्षांनी डाव्या हिरडीवर नवा कॅन्सर आला, असं होतं. तो नवा म्हणून सुरुवातीला सापडला तर पहिल्यासारखाच बरा होऊ शकतो. पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा छाला, तिखट लागताच होणारी आग, यांकडे आरशासमोर उभं राहून महिन्यातून एकदा लक्ष द्या.

१०. परत आला तर

सगळं नीट करूनही काहींचा रोग उलटतो. काही कॅन्सर मुळातच आडदांड असतात. तेव्हा रुग्णाला "तूच काही खाल्लं असशील" म्हणून दोष देणाऱ्या नातेवाइकांना मी तिथेच थांबवते. त्याने काय खाल्लं हे शोधण्यापेक्षा पुन्हा कापता येईल का हे शोधा. उपचार संपल्यावर बऱ्याच काळाने, एकाच जागी, छोटा उलटलेला रोग ऑपरेशनने निघू शकतो आणि माणूस पुढे चांगला जगतो. संपतासंपता लगेच, दोन-तीन ठिकाणी आलेला कठीण असतो.

ऑपरेशन शक्य नसेल तर हल्ली इम्युनोथेरपी आहे. तिच्या पूर्ण डोसचा खर्च ऐकूनच आमचे लोक उठून जातात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १५१ रुग्णांत एक वेगळी वाट तपासली. रोज किंवा आठवड्याने घ्यायच्या मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्या, आणि सोबत निव्होलुमॅब अगदी कमी डोसमध्ये, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभर जगलेले १६.३ टक्के होते, सोबत हे कमी डोसचं इंजेक्शन घेणाऱ्यांत ४३.४ टक्के. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमचा असतो, म्हणजे खर्चात किती फरक पडतो पाहा. पूर्ण डोस परवडत नाही म्हणून गावी परत जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना हा कमी डोस तुमच्या रुग्णाला चालेल का, एवढं जरूर विचारा.